येणे बाकी

नागपूर स्टेशनात मेट्रोच्या यंत्रानं
माझी पाचशेची नोट तीनदा परत थुंकली.
चौथ्यांदा मीच पुढं केली नाही.
मिरजेपासून बंडीच्या आतल्या खिशात
चार घड्या होऊन आलेली,
तिला सरळ व्हायला वेळ लागणारच.
मागची पोरं कार्ड टेकवून आत जात होती.
दार उघडताना ‘टीं’ वाजायचं,
काळी चार, जराशी चढी.
मी पेट्या दुरुस्त करतो.
डोळे मिटता येतात, कानांना पापणी नाही.

म्हणून मग चालत, विचारत, सीताबर्डी.
(‘बर्डी म्हणा,’ रसवाला म्हणाला, ‘अर्ध्या वेळात पोचाल.’)
मे महिना. डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
मानेवाड्याच्या शाळेत दोन पेट्या आजारी,
एकीचा भाता फाटलेला, दुसरीचा पंचम मुका.
हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसलो
आणि कंडक्टरबाईंपुढं तीच नोट धरली.

‘अठरा रुपयाले पाचशे?
सकाळपासून सारे हेच देऊन राहिले.
फोनवरून करा ना भाऊ.’
माझा फोन बटणांचा. दाखवला.
तो नुसता बोलतो.
छातीवर बिल्ला : चे. उईके.
तिनं तिकीट फाडलं, उलटं केलं,
माझ्याच हत्यारपेटीवर टेकवून लिहिलं, ४८२.
‘उतरताना घ्या. लिहून देतो.’
इकडं बायाही ‘देतो’ म्हणतात.
चांगलं वाटलं ऐकायला.

त्यानंतर शहर बघितलं असं नाही सांगता येणार.
कॉटन मार्केट गेलं म्हणे, बैद्यनाथ चौक गेला.
मी तिच्या चामडी पिशवीकडं बघत होतो.
कोणी दहा टाकले की मनात बेरीज.
कोणी फोन दाखवला की
तो माणूस मला वैरी वाटायचा.

आणि नेमकं मेडिकल चौकाच्या पुढं
मागच्या टायरवरचा एक सैल पत्रा
असा काही मंद्रात घुमायला लागला
की मी त्याचा षड्ज शोधत बसलो,
मानेवाडा आला, उतरलो,
चार पावलं चाललोही.

‘ओ पेटीवाले!’
गाडी थांबवून धरली होती तिनं.
मागं ट्रक, दोन रिक्षा, सगळ्यांचे भोंगे वेगवेगळ्या पट्टीत.
दार गर्दीनं बुजलेलं, म्हणून माझे पैसे
हातोहात निघाले :
नर्सिंगच्या दोन मुली,
मांडीवर हेल्मेट घेतलेला एक काका,
वांग्यांची पाटी सांभाळणारी बाई.
प्रत्येकानं मोजले.
मोजल्याचं कोणीच लपवलं नाही.
खिडकीतून खाली आले चारशे सत्तर,
शेवटची दहाची नोट वांग्यांच्या वासाची.

‘बारा राहिले! चिल्लर नाही!’
तिकीट मागून घेतलं, ४८२वर काट मारली,
खाली लिहिलं १२.
‘उद्या घेऊन जा. याच टायमाले असतो मी.’

माझी गाडी त्याच रात्रीची होती.
‘हो,’ म्हणालो.
खोटं बोललो की निरोप घेतला,
अजून ठरत नाही.

पंचम संध्याकाळपर्यंत बोलला.
शाळेनं बिदागी दिली, सगळ्या पाचशेच्याच नोटा.

ते तिकीट सुरांच्या डबीत आहे, पितळी पट्ट्यांखाली.
छापील बाजू आता कोरी झालीय,
कुठून, कुठं, किती वाजता,
सगळं त्या पातळ कागदानं पिऊन टाकलं.
मागची निळी शाई तेवढी जागेवर.
परवा डबी पुसताना बायको म्हणाली, हे टाकू?
म्हटलं, राहू दे.
नागपूरकडं बारा रुपये आहेत आपले.